चित्रपटगृहातील ध्वनीची दुहेरी विभागणी : कर्णे, क्रॉसओव्हर आणि ध्वनिमार्ग (१९२६–१९८३)

बोलपटाच्या इतिहासाचे लेखन बहुधा चित्रपटनिर्मितीच्या बाजूने झालेले आहे. ध्वनिलेखनाची यंत्रे कोणी आणली, पहिला बोलपट कोठे तयार झाला, मूकपटातील कोणत्या नटांची कारकीर्द आवाजामुळे संपुष्टात आली, ह्या प्रश्नांची चर्चा विपुल आढळते. परंतु पडद्यामागे उभ्या केलेल्या कर्ण्यांतून प्रेक्षकाच्या कानी नेमके काय पडत होते, ह्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. वस्तुतः फिल्मवरील ध्वनिपट्टी हे अर्धेच साधन होय. तिच्यावर जे लिहिलेले असते ते विशिष्ट प्रकारच्या कर्ण्यांतून, विशिष्ट आकाराच्या प्रेक्षागृहात, विशिष्ट रीतीने जुळविलेल्या यंत्रणेवर ऐकले जावे अशा अपेक्षेने लिहिलेले असते. ती यंत्रणा कशी होती हे ठाऊक नसेल तर जुन्या बोलपटाचा ध्वनी आपण ऐकतो, पण तत्कालीन प्रेक्षकाने ऐकलेला ध्वनी ऐकत नाही. प्रस्तुत निबंधाचा हेतू ह्या दुसऱ्या अर्ध्या साधनाचा विकास तपासण्याचा आहे.

चित्रपटगृहातील ध्वनीची विभागणी दोन निरनिराळ्या तत्त्वांवर होत आली आहे. पहिली विभागणी स्वरांच्या उंचीनुसार होते : खर्जातील नाद एका ध्वनिक्षेपकाकडे व तार नाद दुसऱ्याकडे पाठविले जातात. हे काम करणाऱ्या विद्युत्-मंडलास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. दुसरी विभागणी स्थानानुसार होते : डावा, मधला, उजवा व प्रेक्षागृहाच्या भिंतींवरील असे स्वतंत्र ध्वनिमार्ग योजले जातात. ह्या दोन विभागण्यांची गल्लत होण्याचा संभव असतो, कारण दोहोंचा परिणाम बाह्यतः सारखाच, म्हणजे ध्वनिक्षेपकांची संख्या वाढणे, हा दिसतो. परंतु त्यांची कारणे भिन्न होती, त्यांचा खर्च उचलणारे भिन्न होते आणि त्यांची यशापयशेही भिन्न होती.

१. एकाच कर्ण्याचे युग

६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्नर बंधूंनी ‘डॉन वॉन’ हा चित्रपट व्हायटाफोन पद्धतीने सादर केला. ध्वनी फिल्मवर नसून मिनिटास ३३⅓ फेरे घेणाऱ्या १६ इंची तबकडीवर होता. बेल टेलिफोन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या व वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने पुरविलेल्या ह्या यंत्रणेत ई. सी. व्हेंटे व ए. एल. थुरास यांनी तयार केलेला ‘५५५’ क्रमांकाचा ध्वनिजनक वापरात आला. तो घातांकी रीतीने रुंदावत जाणाऱ्या लांबलचक कर्ण्याच्या निमुळत्या टोकास जोडलेला असे.

कर्ण्याचीच निवड का झाली, हे समजण्यास त्या काळच्या विवर्धकांची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. निर्वात नलिकांच्या तत्कालीन विवर्धकांकडून थोड्याच वॅट शक्तीची अपेक्षा करता येत असे, आणि तेवढ्या शक्तीवर हजारो आसनांचे प्रेक्षागृह भरावयाचे होते. सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेला चल वेटोळ्याचा शंकू-ध्वनिक्षेपक विजेचा अल्पसाच अंश ध्वनीत रूपांतरित करतो. कर्ण्यामुळे ध्वनिजनकाचे लहानसे पटल व प्रेक्षागृहातील विस्तीर्ण हवा यांचा मेळ क्रमाक्रमाने बसतो व कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढते. सारांश, कर्णा ही शक्तीच्या दारिद्र्यातून निघालेली वाट होती.

परंतु एका कर्ण्याने सर्व स्वर सारख्याच निष्ठेने पोचविणे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने दुर्घट आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४४ मीटर असतो. त्यामुळे ५० हर्ट्झ कंप्रतेच्या खर्जनादाची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर भरते, तर ५,००० हर्ट्झच्या नादाची ७ सेंटिमीटरही भरत नाही. खर्जासाठी कर्ण्याचे मुख तरंगलांबीशी तुलना करता येईल इतके विशाल हवे व त्यामागील पटल मोठे हवे. उलट तार स्वरांसाठी पटल हलके व लहान हवे. शिवाय कंप्रता वाढत जाते तसतसा मोठ्या कर्ण्यातून निघणारा ध्वनी अरुंद झोताप्रमाणे समोरच्या रांगांवरच पडतो व कडेच्या प्रेक्षकांस बोलण्यातील व्यंजने अस्पष्ट ऐकू येतात. पहिल्या बोलपटगृहांतील यंत्रणा साधारणतः १०० ते ५,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात उपयुक्त होती, याचे कारण हेच.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पुढे आला, तो काळ ह्याच एकमार्गी, मर्यादित पट्ट्याच्या ध्वनीचा होता. त्या काळातील नटांचा ठाशीव, शब्द तोडून उच्चारण्याचा ढंग हा केवळ रंगभूमीचा वारसा समजण्याची प्रथा आहे. तो वारसा होता हे खरेच. पण ज्या यंत्रणेत ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ यांसारखी तार घटकांची व्यंजने क्षीण होतात, तिच्यासमोर स्पष्टोच्चार ही अभिनयशैली जितकी, तितकीच तांत्रिक गरजही असते, हे विसरता कामा नये.

२. फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन : १९३३ चा प्रयोग

उपरिनिर्दिष्ट दोन्ही विभागण्या एकाच प्रसंगी एकत्र आल्या त्या २७ एप्रिल १९३३ रोजी. फिलाडेल्फिया येथील अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकविण्याचा प्रयोग बेल प्रयोगशाळेने केला. फिलाडेल्फियात वृंदाचे संचालन अलेक्झांडर स्मॉलेन्स करीत होते व लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून ध्वनिमार्गांचे नियंत्रण करीत होते. वृंदासमोर तीन ध्वनिग्राहक, तीन स्वतंत्र तारमार्ग आणि पलीकडे रंगमंचावर डावा, मधला व उजवा असे तीन ध्वनिक्षेपक-संच, अशी ती योजना होती.

मधल्या मार्गाचे प्रयोजन विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. घरच्या श्रोत्यास दोन मार्ग पुरतात, कारण तो दोहोंच्या मध्यावर बसू शकतो. प्रेक्षागृहात तसे नसते. उजव्या कडेस बसलेल्या माणसास उजवा ध्वनिक्षेपक जवळचा असल्याने त्याचा आवाज आधी व मोठा पोचतो, आणि मध्यभागी उभ्या असलेल्या गायकाचा आवाज त्यास उजवीकडूनच आल्याचा भास होतो. मध्यावर खराखुरा ध्वनिक्षेपक ठेवला म्हणजे मधला नट प्रत्येक आसनावरून मध्यभागीच राहतो. मधला मार्ग हा कडेच्या प्रेक्षकाच्या हक्काचा मार्ग होय. चित्रपटगृहाच्या पुढील सर्व पद्धतींत तो टिकून राहिला, ह्याचे कारण येथे आहे.

ह्याच प्रयोगातील प्रत्येक संच द्विमार्गी होता. सुमारे ३०० हर्ट्झखालील नाद दुमडलेल्या मोठ्या कर्ण्याकडे व त्यावरील नाद अनेक कप्प्यांच्या कर्ण्याकडे पाठविलेले होते. कप्पे पंख्याप्रमाणे पसरलेले असल्याने तार स्वर एका झोतात न जाता रुंद कोनात विखुरले जात. कंप्रतेचा पट्टा ४० पासून १५,००० हर्ट्झपर्यंत पोचला. प्रयोग यशस्वी झाला. परंतु ही यंत्रणा गावोगावच्या चित्रपटगृहांत बसविण्याजोगी नव्हती. ती फार अवजड व फार खर्चिक होती.

३. शिअरर कर्णा व नृत्याची दुहेरी टाप

प्रयोगशाळेतील तत्त्व व्यवहारात आणण्याचे काम मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या ध्वनिविभागाने केले. विभागप्रमुख डग्लस शिअरर, अभियंता जॉन हिलियर्ड, ध्वनिक्षेपकांचा कारखानदार जेम्स बी. लान्सिंग इत्यादींनी १९३५ च्या सुमारास ह्या कामास हात घातला. त्यांच्यापुढील अडचणीची एक हकीकत हिलियर्ड यांच्या आठवणींतून प्रसिद्ध आहे. बेल पद्धतीच्या द्विमार्गी संचावर एलिनर पॉवेल या नर्तकीचे टाप-नृत्य ऐकविले असता बुटाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येई. कारण उघड होते. खर्जाचा कर्णा दुमडलेला व लांब, तर तार स्वरांचा कर्णा आखूड. एकाच ठोक्याचा तार अंश आधी व खर्ज अंश मागाहून पोचत होता.

ध्वनीस एक फूट अंतर कापण्यास एक सहस्रांश सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. दोन कर्ण्यांच्या मार्गांत, उदाहरणार्थ, ८ फुटांचा फरक असेल तर सुमारे ७ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. सलग वाजणाऱ्या व्हायोलिनच्या स्वरात ते जाणवणार नाही. पण बुटाच्या ठोक्यात, टाळीत किंवा तबल्याच्या थापेत ते लपत नाही. शिअरर यांच्या गटाने खर्जाच्या कर्ण्याची लांबी घटवून दोन्ही मार्ग जवळजवळ समान केले व विभाजनाची कंप्रता २५० हर्ट्झच्या आसपास ठेवली. इतक्या खाली विभाजन करण्याचा एक लाभ असा की, बोलण्यातील अर्थवाहक अंश बहुतांशी एकाच कर्ण्यातून बाहेर पडतो. ह्या व्यवहार्य द्विमार्गी कर्ण्याबद्दल शिअरर व त्यांच्या विभागास १९३६ सालासाठीचा चित्रपट-अकादमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला.

येथे एक ऐतिहासिक निष्कर्ष नोंदविणे आवश्यक आहे. क्रॉसओव्हरचा प्रश्न केवळ विद्युत्-मंडलाचा प्रश्न नाही, तो कालाचा व स्थानाचाही आहे, हे तत्त्व गणितातून येण्यापूर्वी एका नर्तकीच्या पावलांतून आले. ध्वनिक्षेपकाची परीक्षा सलग स्वरांनी न करता आघातांनी करावी, हा धडा तंत्रज्ञांस त्यातून मिळाला.

पुढे लान्सिंग व हिलियर्ड हे आल्टेक लान्सिंग कंपनीत एकत्र आले, आणि तेथे १९४५ च्या सुमारास ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ह्या नावाची ध्वनिक्षेपकमालिका निघाली. तीत खर्जासाठी दुमडलेल्या कर्ण्याऐवजी पेटी व आखूड सरळ कर्णा यांचा संयोग होता आणि मोठ्या संचांत विभाजन साधारणतः ५०० हर्ट्झवर होई. विभाजन वर सरकल्याने तार स्वरांचा कर्णा लहान झाला व दोन्ही भागांची कालजुळणी सोपी झाली. लान्सिंग यांनी १९४६ मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि १९४९ मध्ये त्यांचा अंत झाला. परंतु त्यांच्या द्विमार्गी रचनेने पुढील तीन दशके चित्रपटगृहांवर राज्य केले असे म्हणण्यास हरकत नाही.

४. क्रॉसओव्हरची जुळणी

विभाजनाचे मूळ मंडल साधे आहे. विद्युत्-वेटोळे उच्च कंप्रतेस अडविते व धारित्र निम्न कंप्रतेस अडविते. एक वेटोळे खर्जाच्या मार्गात व एक धारित्र तार स्वरांच्या मार्गात घातले की प्रत्येक सप्तकामागे ६ डेसिबेल एवढा उतार मिळतो. घटक दुप्पट केले की उतार १२ डेसिबेल होतो. सौम्य उतारात दोन्ही ध्वनिक्षेपक बऱ्याच विस्तृत पट्ट्यात एकाच वेळी बोलतात व परस्परांत व्यत्यय आणतात. शिवाय तार स्वरांच्या नाजूक पटलावर खर्जाचा भार येतो. तीव्र उतारात हे टळते, पण कलाभेद वाढतो. १२ डेसिबेलच्या मंडलात विभाजनबिंदूवर दोन्ही शाखा परस्परांच्या नेमक्या विरुद्ध कलेत येतात. म्हणून एका ध्वनिक्षेपकाच्या तारा उलट जोडाव्या लागतात. तसे न केल्यास त्या बिंदूवर दोन्ही ध्वनी परस्परांस मारून टाकतात.

हा व्यत्यय किती सूक्ष्म अंतरावर घडतो हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ५०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. एक कर्णा दुसऱ्याच्या मागे ह्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम एक फुटाहून किंचित अधिक, सरकला की मिळून येणारे तरंग विरुद्ध होतात. म्हणून तंत्रज्ञ पुढील युक्ती वापरीत : विभाजन-कंप्रतेचा स्थिर स्वर लावावयाचा, दोहोंपैकी एका ध्वनिक्षेपकाची ध्रुवता मुद्दाम चुकीची जोडावयाची आणि आवाज सर्वांत क्षीण होईपर्यंत वरचा कर्णा मागेपुढे सरकवावयाचा. ध्रुवता पूर्ववत केली की तेच स्थान सर्वोत्तम मीलनाचे ठरते. सर्वाधिक आवाजाचे स्थान कानास निश्चित सांगता येत नाही. नाहीसा होणारा आवाज मात्र कान अचूक ओळखतो. अनुभवी कारागिराने केलेल्या ह्या जुळणीत मोजमापाची उपकरणे थोडी व विवेक अधिक असे.

विभाजनाचे गणित पूर्णत्वास जाण्यास बराच काळ लागला. १९७६ मध्ये सीगफ्रीड लिंक्विट्झ यांनी रस रायली यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या मंडलाचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यात सप्तकामागे २४ डेसिबेल उतार असून विभाजनबिंदूवर प्रत्येक शाखा ६ डेसिबेल खाली, म्हणजे निम्म्या दाबावर असते, आणि दोन्ही शाखा समान कलेत राहतात. निम्मे व निम्मे मिळून पूर्ण, असा हा सरळ हिशेब आहे. त्यामुळे ध्वनीचा झोत विभाजनबिंदूवर वर किंवा खाली कलत नाही, आणि बाल्कनीतील व तळमजल्यावरील प्रेक्षकांस मिळणाऱ्या ध्वनीत त्या कारणाने भेद पडत नाही. अशा तीव्र उताराचे मंडल विवर्धकाच्या पुढे जाड वेटोळ्यांनी बांधण्यापेक्षा विवर्धकाच्या आधी, क्षीण संकेतावर, बांधणे श्रेयस्कर ठरते. मग प्रत्येक ध्वनिक्षेपकास स्वतंत्र विवर्धक द्यावा लागतो. हे परवडू लागले ते अर्धसंवाहकांचे विवर्धक स्वस्त झाल्यावरच. १९२६ साली शक्तीच्या दारिद्र्याने कर्णा आणला, तर १९७० नंतर शक्तीच्या विपुलतेने क्रॉसओव्हरची जागा बदलली.

५. ध्वनिमार्गांचा विस्तार व त्याचे राजकारण

स्थानानुसार विभागणीचा इतिहास इतका सरळ नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्येच द्विकर्णी ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला होता व त्यात चित्रपटाचा विचार होता. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये वॉल्ट डिझ्नी यांचा ‘फँटेशिया’ ‘फँटासाउंड’ पद्धतीने दाखविला गेला. स्वतंत्र फिल्मवर तीन ध्वनिपट्ट्या व आवाजाची पातळी नियंत्रित करणारी चौथी पट्टी होती. ही यंत्रणा मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. पुढे सर्वसामान्य चित्रपटगृहांत तोच चित्रपट एकमार्गी ध्वनीसह दाखविण्यात आला.

दूरचित्रवाणीच्या स्पर्धेने हा प्रश्न पुन्हा वर आणला. ३० सप्टेंबर १९५२ रोजी ‘धिस इज सिनेरामा’ प्रदर्शित झाला. हॅझर्ड रीव्ह्ज यांच्या योजनेनुसार त्यात सात चुंबकीय ध्वनिमार्ग होते. त्यांपैकी पाच पडद्यामागे व दोन प्रेक्षागृहात. १६ सप्टेंबर १९५३ रोजी ‘द रोब’ ह्या चित्रपटाने सिनेमास्कोप आणला. त्यात चित्राच्याच फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या : डावी, मधली, उजवी व प्रेक्षागृहातील परिणामांसाठी चौथी. चौथी पट्टी अरुंद असल्याने तीत खरखर अधिक असे. म्हणून तीवर १२,००० हर्ट्झचा एक सूचक स्वर नोंदलेला असे. तो लागला की भिंतींवरील ध्वनिक्षेपक चालू होत, एरवी बंद राहत. १९५५ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ ह्या चित्रपटाबरोबर आलेल्या टॉड-एओ पद्धतीत ७० मिलिमीटर फिल्मवर सहा मार्ग मिळाले.

सिनेमास्कोपच्या प्रसारात जो संघर्ष उद्भवला तो आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास बोधप्रद वाटेल. ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स कंपनीचा प्रथम असा आग्रह होता की, हा चित्रपट हवा असणाऱ्या प्रत्येक मालकाने चुंबकीय बहुमार्गी ध्वनियंत्रणाही घ्यावी. रुंद पडद्याने तिकिटे खपतात हे मालकांस दिसत होते. जादा कर्णे, विवर्धक व भिंतींवरील ध्वनिक्षेपक यांनी ती अधिक खपतील की नाही याची शाश्वती नव्हती. लहान गावांतील मालकांचा विरोध इतका झाला की १९५४ मध्ये कंपनीस हा आग्रह सोडावा लागला. परिणामी एकाच चित्रपटाचे दोन ध्वनी निर्माण झाले : शहरातील भव्य चित्रपटगृहात चतुर्मार्गी व तालुक्याच्या ठिकाणी एकमार्गी. कंप्रतेची विभागणी सर्वत्र पोचली, कारण तिच्यावाचून शब्दच नीट ऐकू येत नव्हते. स्थानाची विभागणी मात्र प्रदीर्घ काळ श्रीमंत चित्रपटगृहांचे भूषण राहिली. ह्या दोन विभागण्यांच्या भाग्यातील फरकाचे मूळ येथे आहे.

आपल्याकडेही हेच चित्र दिसले. १९७५ साली ‘शोले’ ७० मिलिमीटर प्रतींत बहुमार्गी ध्वनीसह प्रदर्शित झाला व मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो वर्षानुवर्षे चालला. परंतु ज्यांनी तो चित्रपट ३५ मिलिमीटर प्रतीवर एकमार्गी ध्वनीसह पाहिला, त्या प्रेक्षकांच्या कानांवरील ‘शोले’ निराळा होता. एका नावाखाली दोन श्राव्य कृती नांदत होत्या, हे चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहास लिहिणाऱ्याने ध्यानी घेतले पाहिजे.

६. प्रमाणीकरण : कोणाच्या कानांनी ऐकावयाचे?

कर्णे चांगले झाले तरी प्रत्येक चित्रपटगृहाचा ध्वनी वेगळा असेल तर ध्वनिमिश्रण करणाऱ्याने कोणाच्या कानांनी ऐकावे, हा प्रश्न उरतो. चित्रपट-अकादमीच्या संशोधन-मंडळाने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्यावर उत्तर काढले. चित्रपटगृहातील प्रतिसादाचा एक प्रमाणवक्र ठरविण्यात आला. फिल्मवरील प्रकाशीय ध्वनिपट्टीची खरखर झाकण्यासाठी ह्या वक्रात तार स्वर बरेच दाबलेले होते. ८,००० हर्ट्झवर घट सुमारे १८ डेसिबेल होती. पुढे चित्रपटगृहात तार स्वर दाबले जाणार हे ठाऊक असल्याने ध्वनिलेखक ते आधीच उचलून ठेवू लागले. दोन विरुद्ध चुका मिळून एक सुसह्य बरोबर, अशी ही तडजोड होती आणि ती अनेक दशके टिकली.

१९७० नंतर डॉल्बी प्रयोगशाळेच्या खरखर-निवारणामुळे तार स्वर दाबण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर चित्रपटगृहाची जुळणी करण्याची नवी पद्धत रूढ झाली. प्रत्येक सप्तकात समान शक्ती असलेला ‘गुलाबी’ गोंगाट एकेका ध्वनिमार्गातून सोडावयाचा, प्रेक्षागृहाच्या लांबीच्या साधारण दोनतृतीयांश अंतरावर ध्वनिग्राहक ठेवावयाचा व तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांनी प्रतिसाद दुरुस्त करावयाचा. ‘एक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या नव्या वक्रात प्रतिसाद २,००० हर्ट्झपर्यंत सपाट असून पुढे प्रत्येक सप्तकामागे ३ डेसिबेल उतरतो. आवाजाची पातळीही ठरली : पडद्यामागील प्रत्येक मार्ग ८५ डेसिबेल. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्रॉसओव्हर व ध्रुवता तपासावयाची, मग प्रतिसाद, मग पातळी आणि शेवटी विलंब. क्रॉसओव्हरमधील कलादोष प्रतिसाद-दुरुस्तीने झाकू पाहणे म्हणजे वाकलेल्या भिंतीवर चुना फासणे होय; एका आसनावर तो खड्डा भरेल, पण शेजारच्या आसनावर उंचवटा उभा राहील.

विलंबाचे कारण असे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मुळे सर्वतोमुखी झालेल्या डॉल्बी स्टिरिओ पद्धतीत ३५ मिलिमीटर फिल्मवरील दोन प्रकाशीय पट्ट्यांत चार मार्ग गुंफलेले असत. उकलताना संवादांचा थोडा अंश भिंतींवरील ध्वनिक्षेपकांत पाझरे. ३० मीटर लांब प्रेक्षागृहातील मागच्या रांगेस पडद्याचा आवाज पोचण्यास सुमारे ८० सहस्रांश सेकंद लागतात. भिंतीवरचा ध्वनिक्षेपक मात्र ५ मीटरवर, म्हणजे सुमारे १५ सहस्रांश सेकंदांवर असतो. विलंब न दिल्यास नायकाचा संवाद मागील भिंतीतून आल्याचा भास व्हावयाचा. आधी पोचलेल्या ध्वनीवरून कान दिशा ठरवितो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात मोजून दाखविलेले तत्त्व येथे उपयोगी पडले. भिंतींवरील आवाज पडद्याच्या आवाजानंतर पोचेल इतका रोखून धरला की पाझर असूनही जाणवत नाही.

१९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ ह्या चित्रपटाच्या वेळी लुकासफिल्म कंपनीतील टॉमलिन्सन होलमन यांच्या मार्गदर्शनाखाली टीएचएक्स ही चित्रपटगृहांची प्रमाणनपद्धती अवतरली. २४ डेसिबेल उताराचा विद्युत्-क्रॉसओव्हर, दोन्ही कर्ण्यांची कालजुळणी, पडद्यामागे सलग भिंतीत बसविलेले ध्वनिक्षेपक आणि प्रेक्षागृहाच्या प्रतिध्वनींवर मर्यादा, ही तिची अंगे होत. शिअरर यांनी लाकूडकामाने साधलेली कालजुळणी आता विद्युत्-मंडलाने साधली. १९३३ च्या प्रयोगात एकत्र आलेल्या व नंतर दुरावलेल्या दोन विभागण्या अर्धशतकाने एका प्रमाणपत्राखाली पुन्हा एकत्र आल्या.

७. उपसंहार

ह्या इतिहासाचा आजच्या संशोधकाशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. पहिला संबंध जुन्या चित्रपटांच्या जतनाशी आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ सारख्या त्या काळातील चित्रपटाची ध्वनिपट्टी आजच्या सपाट प्रतिसादाच्या यंत्रणेवर वाजविली तर ती कर्कश व खरखरीची वाटण्याचा संभव असतो, आणि तो दोष मूळ ध्वनिलेखकाच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो दोष जुन्या वक्राच्या अभावाचा असू शकतो. त्याचप्रमाणे आरंभीच्या सिनेमास्कोप चित्रपटांत नट पडद्यावर सरकला की त्याचा आवाजही एका मार्गातून दुसऱ्यात सरके. पुढे संवाद मधल्या मार्गात ठेवण्याचा प्रघात पडला. पुनरुज्जीवन करताना जुने संवाद नव्या प्रघातानुसार मध्यभागी ओढले तर ध्वनी ‘सुधारतो’, पण पुरावा नष्ट होतो. हस्तलिखिताचे संपादन करताना अपरिचित पाठ सोपा करून टाकणाऱ्या लेखकूस आपण दोष देतो. हा दोष त्याच जातीचा आहे.

दुसरा संबंध साधनांच्या शोधाशी आहे. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्याने फिल्मच्या जतनास संस्थेचे बळ मिळाले. परंतु फिल्म हे साधन अर्धेच, हे प्रारंभी म्हटले आहे. उरलेले अर्धे चित्रपटगृहांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, यंत्रसामग्रीच्या करारनाम्यांत, परवाना-कचेऱ्यांकडील इमारतींच्या नकाशांत, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या टिपणांत आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या पडद्यामागे धूळ खात असलेल्या कर्ण्यांत शोधावयाचे असते. एकपडदा चित्रपटगृहे पाडली जातात तेव्हा खुर्च्या व दर्शनी भाग यांची छायाचित्रे घेतली जातात. कर्णे भंगारात जातात. एखाद्या जिल्ह्यातील चित्रपटगृहांची अशी पाहणी करणे, कर्ण्यांची मापे, ध्वनिजनकांचे क्रमांक व क्रॉसओव्हरमधील घटकांची मूल्ये नोंदविणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यासाठी उपलब्ध अवधी दिवसेंदिवस आटत आहे.

सारांश, क्रॉसओव्हरने प्रेक्षकास शब्द दिला व ध्वनिमार्गांनी त्या शब्दास जागा दिली. पहिले दान तुलनेने लवकर सर्वांच्या पदरी पडले. दुसरे कोणाच्या पदरी पडावे हे गावाच्या आकाराने व तिकिटाच्या दराने ठरविले. बोलपटाचा इतिहास प्रेक्षकाच्या बाजूने लिहावयाचा असेल तर तो पडद्यावर काय दिसले एवढ्यावर न थांबता, कोणत्या गावात, कोणत्या रांगेत, कोणत्या कर्ण्यातून काय ऐकू आले, येथपर्यंत नेला पाहिजे.